मालकांची कबुतरं

प्रार्थना संपली, तरी त्या रविवारी चर्चमधून कुणी हललं नाही. राजानं गावोगावची गाऱ्हाणी व्हर्सायला मागवली होती ना! मास्तर कागद-टाक घेऊन बसले, पण शेजारीच आमच्या जमीनदार मालकांचा कारभारी खुर्ची अडवून बसलेला. मग काय, सगळे आपले रस्त्यातल्या खड्ड्यांवर आणि मिठाच्या करावर बोलले. पेरणी फस्त करणाऱ्या मालकांच्या कबुतरांबद्दल चकार शब्द नाही. शेवटी माझी आई, पेरीन, उठली. बाबा गेल्यापासून शेत तीच बघते. “मास्तर, कबुतरांचं लिहा. काल पेरलेले माझे वाटाणे आज सकाळी साफ!” कारभारी हसला. “पेरीन, दाणे रानपाखरं खातात. उगाच आमच्या कबुतरांना बदनाम करू नकोस.” आईनं ॲप्रनखालून मालकांच्या ढाबळीतलं एक पांढरं कबुतर काढलं आणि टेबलावर ठेवलं. मेलेलं! मालकांचं कबुतर मारलं की थेट तुरुंग. तिनं शांतपणे त्याच्या गळ्याखालची पिशवी चिरली. फुगलेले वाटाणे टेबलावर घरंगळले. “गावात अजून दुसऱ्या कुणी वाटाणे पेरलेलेच नाहीत,” ती म्हणाली. “म्हणजे कबुतर तू मारलंस?” कारभारी ताडकन उठला. “मीच. आधी हे लिहून होऊ द्या, मग न्या मला.” मास्तरांनी टाक दौतीत बुडवला. “माझा गहूपण लिहा हो,” म्हणत आंब्रुआझकाका पुढे सरकले. त्यांच्यामागून अख्खं गाव टेबलाकडे आलं. प्रत्येकाला कबुतरांचंच सांगायचं होतं, आणि त्या गर्दीतून कारभाऱ्याला माझ्या आईपर्यंत पोचायला वाटच मिळाली नाही.