लांबी तीस

“हिची उंची केव्हापासून थांबली?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

शिलाईवालीनं पिशवीतून मापांची वही काढली. गिऱ्हाइकांच्या त्या वहीत शेवटचं पान तिच्या लेकीचं होतं. दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी ती लेकीचा गणवेश शिवायची आणि माप तिथं टिपून ठेवायची.

डॉक्टरीणबाईंचं बोट पानावरून सरकत गेलं. नवव्या वर्षी लांबी तीस, कंबर चोवीस. दहाव्या वर्षी लांबी तीस, कंबर सत्तावीस. यंदा लांबी तीस, कंबर एकतीस.

“एवढी चोख नोंद आमच्याकडेसुद्धा नसते.”

ते कौतुक शिलाईवालीच्या कानात शिरलंच नाही. “माझंच चुकलं हो. लांबी डोळ्यांसमोर होती, पण मी आपली घेराच्याच मागे. दोन वर्षं पोरीला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या. ताटातला घास काढून घेतला. तरी वजन काही हलेना.”

लेक शेजारच्या खुर्चीत बसली होती. अकरा वर्षांची, चेहरा गोल गरगरीत. पाय जमिनीला टेकत नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी हातातले रिपोर्ट मिटले, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि तिलाच सांगायला लागल्या. “तुझ्या मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी आहे. तिच्यात सुपारीपेक्षा थोडी मोठी गाठ झालीय. साधी गाठ, घाबरायचं नाही. कॉर्टिसॉल नावाचं एक द्रव्य शरीराला लागतंच, संकटात तर जास्तच. पण ही गाठ ते दिवसरात्र ओततेय. त्यामुळे शरीराला वाटतं, घराला आग लागलीय. आग लागल्यावर कुणी नवा मजला चढवत बसतं का? मेंदूतून वाढीचं द्रव्य सुटायला हवं, ते दबून बसलंय. चरबी मात्र चढतेय. तू उपाशी राहिलीस तरी चढणारच.”

“गाठ काढली की वाढेल ना ही?” शिलाईवालीनं विचारलं.

“वाढेल. गेलेलं सगळं भरून निघेल असं नाही सांगत. पण वाढेल.”

लेकीनं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. मग म्हणाली, “म्हणजे मी चोरून खात नव्हते?”

“नाही गं.”

“झोपेतसुद्धा नाही?”

“झोपेत?” आईनं दचकून तिच्याकडे पाहिलं.

“तू म्हणायचीस ना, चोरून खाल्ल्याशिवाय कुणी असं फुगत नाही. मी तर खात नव्हते. मग वाटलं, झोपेतच उठत असेन, मला आठवत नसेल.” तिनं खाली पाहिलं. “म्हणून मी पाय पलंगाला बांधून झोपते. तुझ्या चिंध्यांनी. तू उठायच्या आत सोडते.”

शिलाईवाली उठली आणि लेकीपुढे खाली फरशीवरच बसली. तिनं लेकीचा मोजा खाली सरकवला. घोट्याभोवती निळंजांभळं कडं उमटलं होतं. तिनं त्यावर अलगद तळहात ठेवला.

“मग आज न बांधता झोपू ना?” लेकीनं विचारलं.

आईनं होकारार्थी मान हलवली. लेक पुढे वाकली आणि आईच्या केसांत अडकलेला दोऱ्याचा तुकडा तिनं हळूच काढून घेतला.