बेटावर जेवायचं कुठं

सकाळपासून शरयूचं पान वाढून ठेवलं होतं आणि ते तसंच होतं.

पुरणपोळी होती, भरली वांगी होती, दहीभात होता. सगळं तिच्या आवडीचं, अबोलीनं पहाटे उठून आईसाठी रांधलेलं. ऊन चढत चाललं, दहीभात वरून सुकायला लागला. माणसं ताटकळून गेली. पण ती जेवल्याशिवाय बाकीच्यांनी जेवायचं कसं?

"रुसलीया," बनुबाई म्हणाल्या. या नानासोंच्या थोरल्या बहीण, कुंडलहून आलेल्या. "आरं, सगळीच अशी डोळं लावून बसल्यावर ती कशी खाईल? सरा मागं चार पावलं."

सगळी मागं सरली.

धवलनं नवाकोरा टॉवेल डोक्यावर ओढून घेतला आणि हात जोडले. "आई, जेव गं. तू सांगत होतीस त्या मुलीला पुढच्या महिन्यात बघायला जातो. शप्पथ."

अबोली पुढं झाली. "आई, बाबांच्या गोळ्या मी सांभाळीन. त्यांची काळजी करू नको. जेव आता."

पान तसंच.

नानासो सगळ्यांच्या मागं उभे होते. सुभेदार म्हणून रिटायर होऊन साताऱ्यात घर बांधलेला माणूस. तिला काय हवंय ते त्यांना सकाळपासूनच पक्कं ठाऊक होतं. पण बायकोपुढं नमतं घ्यायचं, तेही चारचौघांत? सगळा संसार झाला, पण हे काही त्यांना जमलं नव्हतं.

आणि गोष्ट तरी केवढी! ऐकाल तर हसाल.

धवलनं आईबापांना थायलंडच्या सहलीची तिकिटं काढून दिली होती. सहा दिवसांतला एक दिवस कुठल्याशा छोट्या बेटाचा. सकाळी बोटीनं जायचं, चारला परत यायचं, आणि दुपारचं जेवण ज्याचं त्यानं बघायचं. झालं, त्या एका ओळीपायी शरयूनं महिनाभर फोन चाळून वही भरली. धक्क्याजवळ छत्र्यांखाली बसायचं नाही, तिथं नुसता देखावा. देवळामागच्या बोळानं पलीकडच्या किनाऱ्याला जायचं. तिथं एक बाई चार बाकडी टाकून समोर गरमागरम भात परतून देते. बेटाचा दिवस नेमका गुरुवार, तर भातात माशाचं पाणी घालू नका म्हणून सांगायचं, ती ऐकते. शेवटी नारळाच्या दुधातला गोड भात आणि आंब्याच्या फोडी.

नानासोंनी वही उघडूनही पाहिली नाही. "दशम्या आन् शेंगदाण्याची चटणी घे बांधून. चार दिस टिकत्यात."

फौजेत लंगरचं खाल्लं तेवढं पुरे, असं म्हणून त्यांनी पुढं आयुष्यभर बाहेरच्या अन्नाला हात लावला नव्हता. त्यामुळं महाबळेश्वर असो की गणपतीपुळे, शरयूनं पहाटे उठायचं, डबा भरायचा, आणि बाकीच्या बायका खुर्चीवर बसून मागवत असताना हिनं दगडावर बसून फडकं सोडायचं.

"अहो, जन्मात एकदा तरी कुणीतरी मला वाढू दे की," ती म्हणाली होती.

"हाटेलात बसायची एवढी हौस आसंल तर एकटी जा."

शरयू वाईची. तिला मोठ्यानं भांडता यायचं नाही. तिनं वही मिटली, "मला भूक नाही" म्हणाली आणि ताटावरून उपाशीच उठून आत गेली. दहा दिवस झाले त्या संध्याकाळला. त्यानंतर दोघांत एक शब्दही झाला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून घरात पाहुण्यांची रीघ लागली, आणि वही फळीवर तशीच राहिली.

"नाना, आता तूच बोल रं," बनुबाई म्हणाल्या. "तुज्यावर राग हाय तिचा. मला काय कळत न्हाई व्हय?"

नानासोंनी खिशात हात घातला. निघताना त्यांनी फळीवरची वही घेतली होती, कुणाला न सांगता. ते पुढं आले, पानासमोर गुडघे टेकून बसले. लोक बघत होते. बघू देत.

त्यांनी वही उघडली आणि मोठ्यानं वाचली. छत्र्या, बोळ, चार बाकडी, आंब्याच्या फोडी. एकही ओळ गाळली नाही.

"मी जाणार," ते म्हणाले. "दशम्या न्यायच्या न्हाईत. त्याच बाईच्या बाकड्यावर बसतो आन् दोन पानं सांगतो. माशाचं पाणी घालू नगा म्हंतो. आदी तुजं पान वाढाया लावतो, मग माजं. चुकलं माजं, शरयू. लय चुकलं. उपाशी ऱ्हाऊ नगंस. जेव आता."

ते उठले, चार पावलं मागं सरले आणि पाठ फिरवून उभे राहिले.

माहुलीच्या संगमावरच्या पिंपळावरून एक कावळा खाली उतरला आणि शरयूच्या पिंडाला शिवला.