चुली किती?

"या पत्र्याखाली चुली किती?" नकाशावालीने विचारलं.

वस्तीत तिला सगळे नकाशावालीच म्हणत. वरून काढलेल्या फोटोत ही वस्ती म्हणजे नुसते पत्रेच पत्रे. पत्र्याखाली कोण राहतं ते फोटोला कुठून कळणार? म्हणून ती दारोदार फिरत होती. जितक्या चुली तितकी कुटुंबं, तितके दारांवर नंबर, आणि उद्या वस्ती हलली की तितक्याच नव्या खोल्या. मात्र लोक सांगतील तेच लिहायचं, उत्तर त्यांच्या तोंडात घालायचं नाही, अशी तिला सक्त ताकीद होती.

दारात म्हातारी उभी होती. तिच्या मागे चार हात जागा, एक स्टोव्ह आणि त्यावर एका माणसापुरता भात. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. पलीकडे मुलगा, सून आणि त्यांचा गॅस. सहा महिन्यांपूर्वी पाण्याच्या पिंपावरून सासूसुनेचं वाजलं आणि एका रविवारी मुलाने स्वतः खिळे ठोकून ते पार्टिशन उभं केलं. मुलगा सुतार. काम इतकं सफाईदार की फट म्हणून राहिली नव्हती.

म्हातारीच्या कानांना काही झालं नव्हतं, पण प्रश्न तिला भलताच ऐकू आला. चूल वेगळी झाली म्हणजे घर फुटलं. आणि हे परक्या बाईला सांगायचं? वर तिने ते लिहून न्यायचं?

"एकच," म्हातारी म्हणाली. "आमच्यात वेगळी चूल नाही, बाई."

"मग हा स्टोव्ह?"

"तो होय? अंघोळीच्या पाण्याला."

नकाशावालीने पातेल्यातल्या भाताकडे पाहिलं. "मावशी, आठवून सांगा. घाई नाही मला. स्वयंपाक एकत्र होतो?"

"म्हणजे काय! मुलाला माझ्या हातचं लागतं." म्हातारी आता रंगात आली. "आणि सून म्हणाल तर मला पाण्याच्या पिंपाला हात लावू देत नाही."

एवढं मात्र खरं होतं.

तेवढ्यात कडेवर पोर घेऊन सून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. नकाशावाली आशेने तिच्याकडे वळली. "तुम्ही सांगा बरं. चुली किती?"

सुनेने सासूकडे पाहिलं. सासू डोळ्यांनीच विनवत होती, झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. आणि दोन म्हणायचं म्हणजे सासूला वेगळं काढलं हे आपल्याच तोंडाने कबूल करायचं.

"सासूबाई म्हणतात तेवढ्याच," सून म्हणाली.

नकाशावालीने ब्रश रंगात बुडवला. म्हातारीच्या दाराशी क्षणभर धरला, मग खाली घेतला आणि सुनेच्या दारावर नंबर घातला. तिला फार वाईट वाटलं. पुढच्या पत्र्याकडे जाताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला तो तडक म्हातारीकडेच. ती भात ताटलीत काढून नुकती बसली होती.

"आई, एक सांगितलीस? अगं, अख्ख्या गल्लीने दोन-दोन सांगितल्या! ज्यांची एक धड पेटत नाही त्यांनीसुद्धा! आपल्या तर खरोखरच्या दोन होत्या. तुला तुझी खोली मिळाली असती. आता राहणार कुठे तू?"

"चारचौघांत तुझी मान खाली गेली असती रे," म्हातारी म्हणाली. बोलून चूक केली की बरोबर, हे तिला कळेना. तिने पार्टिशनकडे पाहिलं. मग लहान पोरीसारखं हळूच विचारलं, "आता एक लिहिलीच आहे, तर आज तिकडे येऊ का जेवायला?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मुलगा आपणच ठोकलेल्या खिळ्यांकडे बघत राहिला.

"तुझा भात गार होईल," तो म्हणाला आणि पलीकडे गेला.