औषधाला गुण नाही

जुबेदानं केराच्या डब्यातून वापरलेली कॅप्सूल उचलली, उजेडाकडे धरली आणि पुन्हा आत टाकली. रिकामी होती. म्हणजे सासूबाईंनी औषध ओढलं होतं. निदान दिसत तरी तसं होतं.

आतल्या खोलीत नसीमबानूंची छाती भात्यासारखी वाजत होती. दम्याचा पंप आधीपासून होताच. त्यानं भागेना म्हणून डॉक्टरांनी ही नवी कॅप्सूल जोडीला दिली होती. छोट्या यंत्रात घालायची, टोचायची आणि तिची भुकटी तोंडानं आत ओढायची. काही दिवसांत फरक पडेल म्हणाले होते. फरक तसूभर नव्हता.

पाणी कुठंतरी मुरतंय, हे जुबेदाच्या मनानं केव्हाच घेतलं होतं. तिची नोकरी हिंजवडीला. कसबा पेठेतून जाण्यायेण्यात तिचा अर्धा जीव बसमध्ये जायचा, आणि आता तर तिला दिवस गेले होते. ऑफिसजवळ घर पाहून ठेवलं होतं. इम्तियाज कधी नाही म्हणाला नाही. "अम्मीचा दमा आटोक्यात येऊ दे, दुसऱ्या दिवशी सामान हलवू," एवढंच म्हणायचा.

अम्मी पेठ सोडणार नव्हत्या. त्या पलीकडच्या गल्लीत लेकीकडे, नजमाकडे राहणार होत्या. थोडक्यात, आई बरी झाली की मुलगा चालला. मग कोणती आई बरी होईल? झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

"अम्मी, औषध नीट घेता ना?" तिनं एकदा जेवताना विचारलंच.

"तुमच्या समोरच तर घेते."

"मग गुण कसा येत नाही?"

"ते डॉक्टरला विचार. मी काय कॅप्सूलच्या पोटात शिरू?"

इम्तियाजनं ताटातून मान वर केली नाही. "अम्मीवर संशय घेऊ नकोस," एवढंच म्हणाला.

तो घड्याळजी, वडिलांच्या दुकानात बसणारा. घरी सकाळ-संध्याकाळ कॅप्सूल यंत्रात तोच भरायचा, आईच्या हातात द्यायचा आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायचा. जुबेदाला त्याची फार दया यायची.

शुक्रवारी त्याला दुकानातून यायला उशीर झाला. अम्मींना धाप लागली. जुबेदानं पंपाचे दोन फवारे दिले आणि आजची कॅप्सूल आपणच भरू म्हणून नवी बाटली उघडली.

कॅप्सूल हाताला हलकी लागली. तिनं ती दिव्याकडे धरली. मग दुसरी, तिसरी. शेवटी सगळी बाटली ओंजळीत ओतली. प्रत्येक कॅप्सूल नीट मिटलेली, आणि आत भुकटीचा कणही नाही.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी ऑफिसात असताना हे उद्योग चालतात होय! नातवंडाचा तरी विचार करायचा होतात, अम्मी!"

जिन्यात इम्तियाजच्या चपला वाजल्या. अम्मींनी तिचं मनगट धरलं.

"हळू बोल, बेटा," त्या धापा टाकत म्हणाल्या. "दवाखान्यात घेतली ती जिभेला गोड लागली होती. घरी एकदाही लागली नाही. बाटली आणली की रात्रभर दुकानात ठेवतो तो. तुला नाही म्हणायची त्याची हिंमत नाही. पण मला कळलंय, हे त्याला सांगू नकोस. लाजेनं घर सोडून जाईल पोरगा."