खालच्या आळीची रेघ

“रस्ता आहे ना तिथं? मग हद्द रस्त्यावरूनच जाणार.” हरकतींच्या सुनावणीला बसलेल्या उपविभागीय अधिकाऱ्यांनी भिंतीवरच्या नकाशावर पेन टेकवलं. “प्रभाग असेच पाडतात, बाई. रस्ता, नाला, रेल्वे बघून. आमच्या मनाचं काही नसतं.”

कडूबाईनं पुढं होऊन नकाशा बघितला. खालच्या आळीच्या मधोमध लाल रेघ गेली होती. अलीकडची घरं एक नंबरच्या वार्डात, पलीकडची तीन नंबरच्या. आजवर सगळी आळी एकाच वार्डात मत देत आली होती. ऊसतोडीहून परतल्यावर सगळ्यांनी लिंबाखाली बसून ठरवलं होतं, या वेळच्या ग्रामपंचायतीला कडूबाईला उभं करायचं. आता निम्मी मतं इकडं, निम्मी तिकडं. कुठूनही उभी राहिली तरी ती पडणार होती.

“साहेब, पान्याचा टँकर आला की आमी एक आळी. मयत झाली की एक आळी. मत द्यायलाच तेवढे दोन कसे झालोत?”

मागं बसलेल्या आळीतल्या बायका “हां” म्हणाल्या. शिपायानं त्यांना हाताच्या खुणेनं गप्प केलं.

“तुमच्या भावना समजतात. पण रस्ता...”

“कुठं हाय रस्ता?” कडूबाईचा आवाज चढला. “बाळंतीन अडली तर बाजंवर घालून देवगाव फाट्यापस्तोर उचलून न्यावी लागती आमाला. रस्ता करा म्हनून पंचायतीत जाऊन जाऊन चपला झिजल्या. दर वक्ताला एकच बोलनं. सरकारदप्तरी तुमच्या आळीत रस्ताच न्हाई, तर निधी कुठून आनावा? आन आता रेघ मारायच्या वक्ताला बरा रस्ता निघाला!”

पुढच्या खुर्चीवर शिवाप्पा बसला होता. गावची सरपंच शेजारी बसलेली त्याची बायको महादेवी, पण कारभार सगळा त्याच्या हातात. तो हसतच उठला.

“साहेब, कच्चा का होईना, रस्ता हाय. बैलगाडी जाती. ह्या लोकांचं काय, सहा महिने कारखान्यावर. गावात काय हाय आन काय न्हाई, ह्यांना काय ठाव?”

कडूबाई गर्रकन वळली. “पोटासाठी जातोत आमी. गाव इकून न्हाई जात.”

“थांबा दोघंही,” साहेब म्हणाले. “सरपंच कोण आहेत?”

“आमच्या मंडळी हायेत. पर काय असंल ते मला इचारा.”

“त्यांनाच विचारतोय. बाई, तुम्ही सांगा. त्या आळीत रस्ता आहे का नाही?”

महादेवी उठून उभी राहिली. विचारलं तर नुसतं ‘हाय’ म्हणायचं, असं शिवाप्पानं येताना गाडीत तिला बजावलं होतं. आताही त्यानं तिच्याकडं बघून मान हलवली. तिनं कडूबाईकडं बघितलं. कडूबाई तिच्याकडं बघतच नव्हती. हिच्याकडून काही होईल अशी आशाच तिनं धरली नव्हती. महादेवीला ते लागलं.

“न्हाई,” ती म्हणाली.

शिवाप्पाला वाटलं, तिचं ऐकण्यात काही चुकलं. “अगं, रस्त्याचं इचारायलेत.”

“रस्त्याचंच सांगायले.” महादेवी साहेबांकडं वळली. “ह्यांच्या आळीत रस्ता न्हाई, साहेब. रस्ता न्हाई म्हनून ह्यांचे अर्ज माझ्याच सहीनं फेटाळलेत. आन ही रेघ कचेरीत न्हाई मारली. आमच्या वसरीत बसून मारली. चहा मीच केला. ही बाई निवडून आली तर उद्या डोक्यावर बसंल, आळीच फोडा, असं बोलनं झालं. मी दाराआड होते. सगळं ऐकलं.”

कडूबाईनं पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडं बघितलं.

“तिला ह्यातलं काय कळतंय, साहेब,” शिवाप्पा घाईघाईनं म्हणाला.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. “ठीक आहे. मी स्वतः येऊन पाहणी करतो. दिवाळी झाली की तारीख कळवू.”

कडूबाईला हसू आलं. कडू हसू. “दिवाळीला आमी हितं कुठं असतोत, साहेब? दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येतो. सगळ्या आळीला कुलपं. तवा तुमी येनार, बंद दारं बघनार, आन म्हननार, हितं तर मानूसच न्हाई!”

साहेबांनी कारकुनाला खूण केली. “पुढची हरकत घ्या.”

“मी असते गावात,” महादेवी म्हणाली. ती अजून उभीच होती. “तुमी या. मी हिंडवून दाखवते तुमाला. गाडी तेवढी फाट्यावरच सोडा, आत शिरायची न्हाई.”

कचेरीच्या आवारात शिवाप्पा जीपमध्ये जाऊन बसला आणि दार धाडकन लावून घेतलं. महादेवी पायऱ्या उतरून आली तेव्हा त्यानं काच खाली केली.

“लय शहानी झालीस. आता घरी यायचं कामच न्हाई. जा, खालच्या आळीला जाऊन ऱ्हा.”

आळीतल्या बायका फाटकापाशी थांबून ऐकत होत्या. महादेवीनं त्यांच्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

“ऱ्हाते की,” ती म्हणाली. “पर कोन्त्या वार्डात ऱ्हाऊ, तेवढं सांगून जावा.”