पुढची जागा

व्हर्ना हलाव्हाटीने दोन घावांत निवडणुकीच्या पाटीची खुंटी अंगणात ठोकली, तेव्हा समोरच्या घरातल्या लोरेटाच्या हातातला कॉफीचा कप तोंडापर्यंत पोचलाच नाही.

“अगं बाई, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?” रस्ता ओलांडतच ती ओरडली. “रसेल टॅलबटची पाटी? तुझ्या अंगणात?”

“सरळ लागलीय का बघ,” व्हर्ना म्हणाली.

पाटी सरळ होती. निळ्यावर पांढरी अक्षरं: टॅलबट, ॲटर्नी जनरल. म्हणजे अख्ख्या राज्याचा सरकारी वकील. सध्या तो जिल्ह्याचा सरकारी वकील होता आणि सोळा वर्षांपासून होता. चार निवडणुका झाल्या, पण त्याच्याविरुद्ध उभं राहायला एकदाही कुणी मिळालं नव्हतं. त्यानेच तेरा वर्षांपूर्वी गोदामाच्या आगीच्या खटल्यात व्हर्नाच्या मुलाला, डेलला, तीस वर्षांसाठी आत पाठवलं होतं.

डेल निर्दोष आहे अशी व्हर्नाची खात्री होती. कुठल्या आईची नसते? म्हणून ते लोकांना सांगणं तिने कधीच सोडून दिलं होतं. तिचं मागणं एवढंच, की गोदामामागे सापडलेला तो हातमोजा एकदा तपासा, आत कुणाचा घाम आहे ते कळू द्या. तीन अर्ज झाले. तिन्ही वेळा टॅलबटने हरकत घेतली आणि न्यायाधीशांनी मान डोलावली. डेलच्या वकिलीणबाईंनी तिला स्पष्टच सांगितलं होतं, “जिल्ह्याच्या सरकारी वकिलाने हरकत घेतली नाही तर काम होईल. राजधानीतल्या कुणाचा यात काही संबंध नाही. आणि हा माणूस काही बधायचा नाही.”

व्हर्नाने अडतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली होती. जिल्ह्यातल्या निम्म्या घरांतली पोरं तिने ने-आण केलेली. खुद्द टॅलबटसुद्धा दुसरीपासून तिच्याच बसला. त्यामुळे प्रचाराला जाऊन तिने बेल वाजवली आणि दार उघडलं नाही, असं घर विरळाच.

“मिस व्हर्ना, तुम्ही? आणि त्याच्यासाठी?”

“हुशार पोरगा आहे. त्याला वर पाठवला पाहिजे,” ती सांगायची. ऐकणारे क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. पण ती राजधानीबद्दलच बोलत असायची.

टॅलबटच्या माणसांना आयतंच सापडलं. त्यांनी तिचा फोटो पत्रकावर छापला आणि खाली लिहिलं, ‘यांनी माझ्या मुलाला तुरुंगात पाठवलं. माझं मत यांनाच.’ ते पत्रक फिरत फिरत तुरुंगातही पोचलं.

“मॉम, खरं आहे हे?” फोनवर डेलने विचारलं.

“खरं आहे.”

“का पण?”

मध्येच यंत्रातली बाई बोलली: हे संभाषण नोंदवलं जात आहे. ती नोंद सरकारी वकिलाच्या कचेरीत ऐकतात, हे तुरुंगात माणूस असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक होतं. व्हर्नाने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, “जेवतोस ना नीट?”

डेलने फोन ठेवला आणि भेटायला येणाऱ्यांच्या यादीतून आईचं नाव काढून टाकलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा व्हर्ना शनिवारी घरी राहिली. चर्चच्या विक्रीसाठी बटाट्याचं सारण भरून पिएरोगी करायला बसली आणि करता करता ढसाढसा रडली. सोमवारी पुन्हा दारं वाजवायला निघाली.

टॅलबट नऊशे मतांनी निवडून आला. राज्यभर त्याची दमछाक झाली होती, त्याला तारलं ते त्याच्या जिल्ह्याने.

जानेवारीत, शपथविधीच्या आदल्या दिवशी, बुटांवरचा बर्फ झटकत तो व्हर्नाच्या स्वयंपाकघरात आला. टोपी काढून उभाच राहिला. खटल्याच्या वेळी व्हर्नाने त्याला ‘सर’ म्हटलं होतं. आज तिने पायाने खुर्ची पुढे सरकवली.

“बस. इथला राजीनामा दिलास?”

“आज सकाळीच. टेबलसुद्धा आवरून दिलं.”

“तुझ्या जागी कोण येतंय?”

“कुणीतरी नवीन. अजून ठरायचंय.” त्याने घसा खाकरला. “मिस व्हर्ना, तुम्ही नसता तर मी पडलोच असतो. एक विचारू? इतकं सगळं होऊन तुम्ही मला माफ कसं केलंत?”

व्हर्नाने टेबलाचा खण उघडला. आतून एक टाइप केलेला अर्ज काढला, हातमोजा तपासण्याचा, चौथा. वकिलीणबाईंनी सप्टेंबरातच करून दिलेला. फक्त तारीख कोरी होती. चष्मा लावून तिने त्यावर आजची तारीख घातली.

टॅलबटने उलट्या बाजूनेच ते वाचलं. मग हळूच मान वर केली.

“माफ कुणी केलंय?” व्हर्ना म्हणाली. “बसमध्ये तुला जागेवरून उठवायची कुणाच्या बापाची टाप नव्हती, रसेल. पुढची जागा दाखवली, की मात्र तू आपणहून उठायचास.”