पायाखाली येऊ नये म्हणून

माझ्या लेकीला, सेजलला भरवायचा पहिला टोमॅटो फवारणीचा नको, म्हणून डिचोलीच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत मी एक रोप लावलं. फुलं आली आणि पानं आखडायला लागली. सेजल झोपली की मी पान न् पान उलटून बघायची. कीड नाही, ऊन भरपूर, पाणीही बेताचं.

आज माती उकरली, तर हाताला खडेमीठ लागलं.

"मांय, हे काय?"

"बायची दिष्ट काढलेलं मीठ गो," सासूबाई म्हणाल्या. "इथे चूल कुठे आहे टाकायला? कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून रोज कुंडीत घालते."

मी गळलेलं फूल उचललं. माझे डोळे भरलेले बघून त्यांनी पाठीवरून हात फिरवला.


"रडू नको गो. कालपासून मी झाडाचीपण दिष्ट काढतेय."